मदत हवी आहे: मीठ कमी केलं आणि दादाचं लिथियम वाढलं, असं कसं?

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात आमच्या तीन पिढ्या गेल्या. माझा मोठा भाऊ ५१ वर्षांचा, बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं. त्यावर अकरा वर्षं लिथियमची गोळी घेतो. लिथियम सुरू होण्याआधीच्या चार वर्षांत त्याला तीनदा भरती करावं लागलं होतं. नंतर एकदाही नाही. रक्तातली पातळी कायम ०.७ च्या आसपास.

एप्रिलमध्ये बीपी निघालं. तिथल्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि एक गोळी दिली. लिथियमचा कागद मी बरोबर नेला नव्हता, त्यांनीही विचारलं नाही. वहिनीनं पथ्य अगदी मनावर घेतलं. लोणचं-पापड बंद, वरणात नावाला मीठ. त्यात आमच्याकडचा मे, पारा ४५ वर. दादाचं दुकान बाडा चौकाजवळ, वर पत्रा. दिवसभर घामाच्या धारा.

तिसऱ्या आठवड्यात हात थरथरायला लागले, कपबशी धरवेना. मग जुलाब. मग चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली. आम्हाला वाटलं लू, म्हणजे ऊन लागलं. मी स्वतः कैरीचं पन्हं करून दिलं, आणि पथ्य म्हणून त्यातही मीठ घातलं नाही. हे आठवलं की अजून पोटात कालवतं. शेवटी पुतण्यानं हट्टानं रक्त तपासून आणलं. १.८! त्याच दिवशी भरती, लिथियम बंद, सलाईन. आता दादा बरा आहे. मनोविकारतज्ज्ञांनी कमी डोसवर पुन्हा सुरू केलंय, बीपीची गोळीही बदलून घेतली.

मला विचारायचंय ते असं. गोळी डोक्याची, तिचा मिठाशी काय संबंध? डॉक्टर म्हणाले "किडनीमुळे होतं", पण बाहेर एवढी रांग होती की पुढे विचारायचा धीर झाला नाही. घरात बाबा म्हणतायत हे विषच आहे, कायमचं सोडा. आणि दादा, ज्यानं अकरा वर्षांत एक डोस चुकवला नाही, तो परवा म्हणाला, "माझी तान या गोळीनंच गेली असेल तर?" तो लहानपणापासून गातो. आजार जोरात होता तेव्हा रात्र-रात्र गायचा, ते दिवस त्याला फार आठवतात. मला त्याला खोटा धीर द्यायचा नाही. ही गोळी मेंदूत करते तरी काय? लाटा कापताना आनंदही कापते का?

गोळी सोडावी की नाही, हे मी इथे विचारत नाहीये. ते त्याच्या डॉक्टरांशीच बोलू.

– लष्करवाली


जुना मास्तर

ताई, पन्ह्याचं मनाला लावून घेऊ नका. मी औषधशास्त्र शिकवत होतो, जमेल तसं सांगतो.

लिथियम हे साधं मूलद्रव्य आहे, आवर्तसारणीत सोडियमच्या बरोबर वर. मूत्रपिंड दोघांना जवळजवळ सारखंच वागवतं. अंगात सोडियम कमी पडलं की ते बाहेर न टाकता परत ओढून घेतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही परत रक्तात येतं. अळणी जेवण, घाम, जुलाब, तिघांनी एकाच बाजूला ढकललं. बीपीच्या काही गोळ्याही पातळी वाढवतात: लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड, आणि नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असणाऱ्या. गुडघेदुखीला आपण सहज घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसुद्धा. उपयोगाची पातळी साधारण ०.६ ते १.०, आणि १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका. म्हणून मीठ अचानक कमी नको, अचानक जास्तही नको. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्या, नाहीतर आकडा फसवा येतो.

आता मेंदू. नैराश्यावरच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्या दोन पेशींमधल्या फटीत काम करतात, तिथलं सेरोटोनिन हे निरोप नेणारं रसायन परत शोषलं जाऊ देत नाहीत. लिथियम पेशीच्या आत शिरतं. बाहेरून निरोप आला की पेशी तो आत पोचवताना इनोसिटॉल नावाचा पदार्थ खर्च करते आणि मग तेच पुन्हा वापरायला घेते. या परतफेडीचं काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लिथियम अडवतं. जी पेशी अति धावतेय तिचा साठा आधी आटतो, शांत पेशीला फारशी झळ लागत नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, पण ती एक मांडणी आहे. जीएसके-३ या दुसऱ्या विकरालाही लिथियम आवरतं. तिथपासून माणसाच्या मनःस्थितीपर्यंतची साखळी अजून पूर्ण जुळलेली नाही.

बाबांची भीती खोटी नाही. ऑस्ट्रेलियात मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर, म्हणजे या आजाराच्या चढत्या लाटेवर, लिथियमचा उपयोग छापला. त्यांचा पहिला रुग्ण बरा होऊन घरी गेला होता, आणि १९५० साली लिथियमच्याच विषबाधेनं गेला. तेव्हा रक्तातली पातळी मोजत नसत. आज मोजता येते, आणि तुमच्या पुतण्यानं तेच केलं. गोळी एकदम तोडली तर उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो, हेही बाबांना सांगा.


इंदूरची चित्रकार

सोळा वर्षं लिथियमवर आहे, म्हणून लिहिते. पहिलं वर्षभर रंग फिके वाटायचे. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी पातळी बघून डोस थोडा उतरवला, मग फरक पडला. दादांनी तानेबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हवं, ते ऐकतात. डेन्मार्कचे मोगेन्स शौ यांनी आयुष्यभर लिथियमवर काम केलं, त्यांच्या स्वतःच्या भावाला पुन्हा पुन्हा नैराश्य यायचं. १९७९ मध्ये त्यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारलं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ जणांना फरक नाही, ६ जणांचं कमी झालं. आजारात मीही रात्र-रात्र रंगवायचे. ती चित्रं नंतर काढून पाहिली, त्यातली दोन ठेवली.


लष्करवाली

दोघांचे मनापासून आभार. रात्री गच्चीवर दादाला सगळं वाचून दाखवलं. बाबाही बसले होते, केडच्या रुग्णापाशी त्यांनी मला तो भाग परत वाचायला लावला. दोन्ही डॉक्टरांना दाखवायला सगळ्या गोळ्यांचा एक कागद करून आज दादाच्या पाकिटात ठेवला.

दादाचा मात्र एकच प्रश्न आहे, जसाच्या तसा लिहिते: "ज्या सहा जणांचं कमी झालं, त्यांनी पुढे काय केलं?" इथे कुणी गाणारं, वाजवणारं लिथियमवर असेल तर कृपया लिहा. मी त्याला वाचून दाखवीन.