उत्तर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनकडची गावातली जुनी चर्चेस, टॉवर वेगळा का असतो?

भटक्या_नेदरलँड: वीकेंडला सायकलवर झेरेइपला गेलेलो, तिथे चर्च एकीकडे आणि घंटेचा टॉवर थोडा लांब एकटाच उभा, असं का? आणि आसपास अजून काय बघू?

विटा_आणि_चुना: मुख्य कारण जमीन. खाली मऊ चिकणमाती, टॉवरचं वजन जास्त त्यामुळे तो चर्चपेक्षा जास्त खचतो आणि जोडलेला असला की भिंतीला तडे जातात, वरून घंटा झुलताना बसणारे हादरे वेगळेच. बेडुमचा टॉवर बघ, असला कललाय की उंचीच्या मानाने पिसाच्या कलत्या मनोऱ्यालाही मागे टाकतो म्हणतात! दगड तिकडे मिळत नाही म्हणून सगळं विटांचं काम, त्या जाडजूड मध्ययुगीन विटा हात लावून बघच.

तात्या_डच: लोपरसमला जा, छतावरची जुनी चित्रं मस्त आहेत. क्रेवेर्डच्या चर्चमधला ऑर्गन (वाद्य) १५३१ चा आहे. चर्चला कुलूप असलं तर दारावरची पाटी वाच, बऱ्याचदा किल्ली शेजारच्या घरात मिळते.

भटक्या_नेदरलँड: भारी! पण एवढ्या छोट्या गावांना हे परवडतं कसं?

विटा_आणि_चुना: गावाला नाहीच परवडत रे, १९६९ पासून एक संस्था अशी चर्चेस ताब्यात घेऊन सांभाळते. टॉवरची गंमत वेगळी, १७९८ नंतर बरेचसे नगरपालिकेकडे गेले, म्हणजे चर्च एकाचं न टॉवर दुसऱ्याचा. त्यात जमिनीखालच्या नैसर्गिक गॅसच्या उपशामुळे भूकंप, २०१२ चा हाउझिंगे गावाजवळचा ३.६ तीव्रतेचा होता, भेगांची डोकेदुखी अजून चालूच आहे.