चेक इंजिनचा दिवा : सेन्सर बदलूनही पी ०१३५ पुन्हा का येतो?

अडाणकाठ

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी २०१६ ची पेट्रोल गाडी असून ती ८२ हजार किलोमीटर चालली आहे. दसऱ्यानंतर सोयाबीनच्या काढणीत गाडीची गरजच पडली नाही, त्यामुळे ती तीन आठवडे कुटार साठवलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. बाहेर काढल्यावर दुसऱ्याच दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. तो स्थिर जळतो, लुकलुकत नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०१३५ हा कोड निघाला. मिस्त्रींनी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेल्याचे सांगितले, ३,८०० रुपयांत नवा बसवला आणि कोड पुसून दिला. चौथ्या दिवशी यवतमाळला जाताना तोच दिवा लागला आणि कोडही तोच निघाला. आता ते म्हणतात की नवा सेन्सर हलका निघाला असावा, कंपनीचा मागवू. गाडीच्या चालण्यात फारसा फरक नाही, मात्र अ‍ॅव्हरेज १८ वरून १६ वर आला आहे. पुन्हा पैसे घालण्याआधी घरी काय तपासता येईल? जुना सेन्सर मी मागून आणला आहे आणि मोटारपंपासाठी घेतलेला मल्टिमीटर घरात आहे.

पांदणरस्ता

भाऊ, जुना सेन्सर परत आणलात हे फार चांगले केले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे.

पी ०१३५ हा कोड सेन्सर खराब झाल्याचे सांगत नाही. पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या नळीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधी बसवलेल्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष आहे, एवढेच तो सांगतो. हा सेन्सर झिर्कोनियाचा असतो आणि साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय भरवशाचे व्होल्टेज देत नाही. धुराच्या उष्णतेवर अवलंबून राहिले तर त्यात वेळ जातो, म्हणून आत एक छोटा हीटर दिलेला असतो. त्याला बहुतेक गाड्यांत रिले आणि फ्यूजमधून बारा व्होल्ट मिळतात, तर अर्थिंगची बाजू ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, चालू-बंद करतो. ईसीयूला एवढेच कळते की अपेक्षित करंट वाहत नाही. तो फ्यूजपाशी अडला, वायरमध्ये, कपलरमध्ये (वायरींच्या प्लगजोडात) की सेन्सरमध्ये, हे त्याला कळत नाही. ते आपणच शोधायचे.

आधी जुना सेन्सर घ्या. त्याच्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन वायरी सहसा हीटरच्या असतात. त्यांच्यामध्ये मीटर ओहमवर लावा. थंड सेन्सरमध्ये काही ओहमपासून पंधराएक ओहमपर्यंत आकडा आला तर हीटर जिवंत आहे असे समजा. मीटर काहीच दाखवत नसेल तरच तो तुटलेला आहे. जुना हीटर शाबूत निघाला, तर ३,८०० रुपये चुकीच्या जागी गेले हे तिथेच कळेल.

मग इंजिन थंड असताना कपलर सोडा, गाडी चालू करा आणि गाडीकडच्या बाजूने बारा व्होल्ट येतात का ते पाहा. काही गाड्यांत केवळ किल्ली फिरवून हा पुरवठा येत नाही, इंजिन चालू असावे लागते. इथे एक गोष्ट आवर्जून करा. मीटरवर विसंबू नका, त्या पिनेवर पाच वॉटचा बल्ब लावून पाहा. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब घेतो, म्हणून खरे काय ते बल्बच सांगतो.

आणि तीन आठवडे कुटाराच्या शेडमध्ये गाडी उभी होती म्हणता, तर फ्यूज बॉक्सच्या आणि बॅटरीच्या खाली टॉर्च मारून बघाच.

धुरकट

एवढी खटपट कशाला? आमच्या जीपचा दिवा दोन वर्षांपासून जळतो आहे. आठवडी बाजाराला रोज एका गावाहून दुसऱ्या गावी जाते, कधी बंद पडली नाही.

नांगरफाळ

धुरकट, गाडी चालते हे खरे आहे, परंतु दिवा एकच आहे आणि दोष अनेक. तो आधीपासून जळत असेल तर उद्या मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) सुरू झाला तरी वेगळी सूचना कुठून मिळणार? मिसफायर तीव्र असताना तो लुकलुकतो, आणि तशी गाडी चालवली तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो वितळतो. त्याच्या किमतीत असे कितीतरी सेन्सर येतील. शिवाय हीटर बंद असला की इंजिन जास्त वेळ सेन्सरशिवाय, अंदाजाने पेट्रोल सोडत राहते. अडाणकाठ यांचा अ‍ॅव्हरेज बहुधा तिथेच गेला आहे.

माझा अनुभव वेगळ्या कोडचा आहे, पण चूक हीच होती. मला पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड आला होता. मीही सेन्सरच बदलला. खरे तर सेन्सर बिचारा बरोबर सांगत होता, आणि मी निरोप्यालाच शिक्षा केली. नंतर काही शे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतो तो आकडा, पाहिला. गाडी उभी असताना तो अधिक २२ टक्के होता आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर नेले की अधिक ६ वर उतरत होता. वेग वाढल्यावर दोष कमी होतो, याचा अर्थ बाहेरून चोरटी हवा शिरते आहे. उलट वेग आणि भार वाढल्यावर ट्रिम चढत गेला असता, तर मी पेट्रोल पंप किंवा फिल्टर तपासला असता. शेवटी थ्रॉटलच्या मागच्या रबरी नळीला बोटभर चीर सापडली. हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीतच हे लक्षण इतके स्पष्ट दिसते, हे मात्र लक्षात ठेवा. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटला असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असाच खोटा कोड येतो.

अडाणकाठ

सांगितल्याप्रमाणे काल सकाळी बसलो. जुन्या सेन्सरचा हीटर ६.४ ओहम, नव्याचा ५.९, म्हणजे दोन्ही धडधाकट. कपलरवर मीटरने १२.१ व्होल्ट दाखवले आणि मी जवळजवळ फसलोच होतो, पण बल्ब लावल्यावर तो तांबूससुद्धा झाला नाही. फ्यूज चांगला होता. बॅटरी काढली तर खाली ओंजळभर कुटार, चिंध्या आणि लेंड्या निघाल्या. तिथून जाणाऱ्या वायरीचे आवरण चार बोटे कुरतडलेले होते आणि आतला तांब्याचा एकच हिरवट धागा शिल्लक होता. खड्ड्यात गाडी आदळली की तोही सुटत असणार, म्हणूनच कोड पुसल्यावर चार दिवस निघाले.

गॅरेजमध्ये नव्या सेन्सरच्या वायरी कापून, पिळून, त्यावर नुसती टेप गुंडाळलेली दिसली. त्यामुळे जुनाच सेन्सर परत बसवावा म्हणतो. तुटलेल्या वायरीला डाग दिला तर चालेल ना?

पांदणरस्ता

गाडीकडच्या वायरीला डाग द्या, वर हीट श्रिंक नळी चढवा आणि सगळे खाचांच्या प्लॅस्टिक पाइपातून न्या. सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना मात्र डाग देऊ नका, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या आतूनच घेतात. जुना सेन्सर बसवताना इंजिन कोमट असू द्या आणि बावीसचा पाना वापरा. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, पण टोकाला त्याचा थेंबही लागू देऊ नका. सिलिकॉनचे सीलंट तर जवळपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा बाद होतो.

अडाणकाठ

तसेच केले. डोंगलही मागवला. गाडी चालू केल्यावर मिनिटभरात पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ आणि ०.८ च्या दरम्यान भराभर खालीवर होऊ लागले, तर कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचे ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर आहे. आज नववा दिवस, दिवा लागलेला नाही. गाडी अजून त्याच शेडमध्ये लावतो, फक्त बॉनेट रात्री उघडे ठेवतो.

पांदणरस्ता

मागचा स्थिर आहे म्हणजे कन्व्हर्टरही ठीक आहे. बॉनेट उघडे ठेवण्याने उंदीर थोडे बिचकतील, पण कुटार तिथून हलवाच. लांबून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर कित्येक शे अंश तापलेला असतो आणि तो गाडीच्या पोटाखालीच असतो, वाळले कुटार त्यावर पेट घेऊ शकते.