शब्दचर्चा : कट्टा – नुसती जागा की अजून काही?

मंडळी, एका शब्दावर तुमचं मत हवंय. शब्द आहे कट्टा. यात विचारण्यासारखं काय असं वाटेल, मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं, पण गेल्या गुरुवारी हा शब्द मला दोन अमराठी मित्रांना समजावून सांगावा लागला आणि तेव्हा कळलं की जो शब्द मी पंचवीस वर्षं वापरतोय त्याचा अर्थ मला एका वाक्यात सांगता येत नाहीये.

मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो, बारा वर्षं झाली. इथे मारीएनप्लाट्झ नावाचा चौक आहे, तिथून वर डोंगरावर डेगरलोखला जाणारी दातेरी रुळाची छोटी ट्रेन सुटते, सायकलींसाठी वेगळा उघडा डबा असलेली. उन्हाळ्यात इथे रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो आणि लोक चौकाच्या कडेला पायऱ्यांवर निवांत बसलेले असतात. ऑफिसमधले दोघं बरोबर होते, एक कानपूरचा, एक वारंगलचा. आइस्क्रीम घेऊन पायरीवर टेकलो आणि मी सहज बोलून गेलो, "अरे ये तो अपना कट्टा हो गया." कानपूरवाला चमकून बघायलाच लागला, त्यांच्याकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. वारंगलवाला म्हणाला, कट्टा म्हणजे तळ्याचा बांध ना? तेलुगूत चेरुवु म्हणजे तळं आणि त्याचा बांध म्हणजे कट्ट, तो लहानपणी घरच्यांबरोबर भद्रकाली तलावाच्या बांधावर फिरायला जायचा. म्हणजे बघा, शब्द एकच, एकाच्या डोळ्यासमोर पिस्तूल, एकाच्या तळं, आणि माझ्या डोळ्यासमोर सांगलीतली एक बुटकी भिंत.

त्या भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण मुद्दा तिथेच आहे. मी 2000 ते 2004 सांगलीला इंजिनीअरिंगला होतो, विश्रामबागला. होस्टेलच्या बाहेर चहाचा गाडा आणि गाड्यासमोर गुडघ्याएवढ्या उंचीची दगडी भिंत, वरती शहाबादी फरशी बसवलेली. एका ठिकाणी फरशीला तडा गेला होता आणि तिथे बसलं की पँट अडकायची, म्हणून ती जागा कायम शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला. एप्रिलमधे दिवसभर तापलेली ती फरशी रात्री साडेनऊपर्यंत कोमट असायची, आणि डिसेंबरात तीच इतकी गार की आम्ही खाली जर्नल घेऊन बसायचो, जर्नलचा तेवढा उपयोग तरी नक्की होता. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा भडंग आणि चहावर तिथेच दहा वाजायचे. सबमिशनच्या आठवड्यात कुणाची शीट पूर्ण आहे, आज जीटी कुणाच्या रूमवर, काच कुणाकडे आहे हे सगळं त्या भिंतीवर ठरायचं (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीटी म्हणजे दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवायची, खाली ट्यूबलाईट, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट, मग रात्रभर रेघा गिरवत बसायचं, पहाटेपर्यंत मान आणि डोळे दोन्ही गेलेले असायचे).

आता शब्दाकडे येतो. मित्रांना मी आधी सांगितलं, कट्टा म्हणजे बसायचा ओटा. ते म्हणाले ठीक आहे, म्हणजे बेंच. मी म्हटलं नाही, बेंच नाही, कट्टा म्हणजे तिथे बसणारी पोरं पण. मग म्हणाले ग्रुप. नाही, ग्रुप पण नाही, कारण ग्रुपमधे कोण आहे आणि कोण नाही ते ठरलेलं असतं. शेवटी त्यांना मी आपण मराठीत हा शब्द वापरतो कसा ते सांगायला लागलो आणि मला स्वतःलाच एक गोष्ट जाणवली. आपण "मी त्याला कट्ट्यावर भेटलो" असं फार कमी म्हणतो. आपण म्हणतो "तो कट्ट्यावर असतो". "कुठे असतोस हल्ली?" "कट्ट्यावर पडीक." "कोण कोण आहे कट्ट्यावर?" सगळीकडे क्रियापद असणे, भेटणे नाही. शाळा भरते, बाजार भरतो, सभा बोलवावी लागते, पण कट्टा जमतो, आपोआप, दही विरजल्यासारखा. माझ्या मते या शब्दाचा खरा अर्थ इथे आहे, न ठरवता असणं. तुम्ही गेलात तर कुणीतरी असेल, कोण असेल ते माहीत नाही, आणि तुम्ही नाही गेलात तरी कुणी विचारणार नाही की का नाही आलास. आमच्या वर्गात तेव्हा मोबाईल तिघाचौघांकडेच होते, बाकी सगळे एसटीडी बूथवाले, त्यामुळे आहेस का म्हणून विचारायची सोयच नव्हती, जाऊनच बघावं लागायचं.

हे मला इतकं का लागलं ते सांगतो. इथे जर्मनीत टेर्मिन नावाचा एक शब्द आहे, म्हणजे ठरवलेली वेळ. दाताच्या डॉक्टरचा टेर्मिन असतो, केस कापायचा टेर्मिन असतो, तसाच मित्राला भेटायचा पण टेर्मिन असतो, तीन आठवड्यांनंतरचा शनिवार, दुपारी चार, आणि माणूस बरोब्बर चारला येतो, प्रेमाने येतो, केक घेऊन येतो. मला या लोकांबद्दल तक्रार करायची नाहीये, शब्द दिला की पाळतात आणि त्याची मला फार किंमत वाटते. यांच्याकडे श्टामटिश म्हणून एक प्रकार आहे, गावच्या बिअरच्या गुत्त्यात नेहमीच्या मंडळींसाठी राखून ठेवलेलं टेबल, त्यावर तशी पाटी पण असते. बरीच वर्षं मला वाटायचं की कट्ट्याला जर्मन शब्द म्हणजे श्टामटिश. पण राखीव आलं की कट्टा संपला, आणि तिथे बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं. आमच्या भिंतीवर खिशात दोन रुपये नसले तरी बसता यायचं, महिनाअखेरीला तर नसायचेच.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडेपण आता शब्द बदलतोय. वाचक कट्टा, ज्येष्ठ नागरिक कट्टा, कविता कट्टा, टीव्हीवर माझा कट्टा आहेच. सगळे चांगले उपक्रम आहेत, पण तिथे पाहुणे असतात, वेळ असते, समोर खुर्च्या असतात. म्हणजे शब्द टेर्मिनकडे निघालाय. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, शब्द असेच चालत राहतात, पण जुना अर्थ कुठेतरी नोंदवून ठेवावा असं मनापासून वाटतं.

तर विचारायचं हे होतं. एक, तुमच्याकडे कॉलेजात या जागेला काय म्हणायचे? माझा रूममेट लातूरकडचा, तो पारच म्हणायचा, तिथे झाड नसतानाही. आणि दोन, हा शब्द आला कुठून? तेलुगूतला बांध आणि आपला ओटा एकच का?

*

प्रतिसाद : मी मुंबईची नाही पण शिकलो माटुंग्याला, तिकडे कट्टा नाही, नाका. रुईया कॉलेजचा नाका सगळ्यांना माहीत असेल. फरक सांगतो, नाक्यावर उभं राहतात, कट्ट्यावर बसतात. तासनतास उभे असायचो आम्ही, पाय दुखले की एका पायावरून दुसऱ्या पायावर. कट्टा म्हटलं की मुंबईकराला शिवाजी पार्कचा कट्टा आठवतो, मैदानाच्या कडेने फिरलेली ती बुटकी भिंत, तिथे मात्र तुम्ही म्हणता तसंच, कधीही जा कुणीतरी असतंच.

(वर "मुंबईचा नाही" असं वाचा, फोनवरून टाईप करतोय.)

*

नमस्कार, मी बेळगावची, घरात मराठी आणि बाहेर कन्नड, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगू शकते. कन्नडमधे कट्टु म्हणजे बांधणे आणि कट्टे म्हणजे बांधलेली गोष्ट, ओटा किंवा बांध दोन्ही. पिंपळाभोवतीच्या पाराला आम्ही अरळीकट्टे म्हणतो, अरळी म्हणजे पिंपळ. म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाला जुनी माणसं अजून कन्नंबाडी कट्टे म्हणतात. तमिळमधे पण हेच मूळ, अणैक्कट्टु म्हणजे बंधारा, त्यावरूनच इंग्रजांनी अनिकट हा शब्द उचलला. म्हणजे तुमच्या वारंगलच्या मित्राचं तळं आणि तुमची भिंत एकाच घरातली. कानपूरचं पिस्तूल मात्र वेगळं असावं. तुम्हाला हवा तो अर्थ पण कन्नडमधे आहे, गप्पांच्या जागेला हरटे कट्टे म्हणतात, हरटे म्हणजे गप्पा, आणि दुसरा शब्द आहे सोमारी कट्टे, आळशी लोकांचा कट्टा, तो तर प्रत्येक गावात असतो. आणि तुम्ही ज्या शहाबादी फरशीवर बसायचा ते शहाबादपण कलबुर्गी जिल्ह्यातलंच, शब्दही आमच्याकडचा आणि फरशीही.

आता एक बोलू का, राग मानू नका. "न ठरवता असणं" हे वाचून छान वाटलं पण मी पण सांगलीलाच होते, तुमच्यानंतर तीन-चार वर्षांनी, आणि कट्टा हा शब्द आम्ही मुली मुलांच्याच बाबतीत वापरायचो. लेडीज होस्टेलचं गेट साडेसातला बंद व्हायचं. गेटाबाहेर अर्धा तास नुसतं उभं राहिलं तरी कुणीतरी घरी कळवेल ही भीती. आमचा कट्टा म्हणजे दुसऱ्या मजल्यावर जाणारा जिना, पाचवी ते नववी पायरी, कारण तिथे बल्ब होता. पायरीवर एका बाजूला सरकून बसायचं म्हणजे जाणाऱ्यांना वाट राहते. आम्ही त्याला जिनाच म्हणायचो. "जिन्यात ये" म्हटलं की कळायचं. रडायचं पण तिथेच, केटी लागली, म्हणजे विषय राहिला की.

*

आमच्या मालवण तालुक्यात कट्टा नावाचं गावच आसा! एवढंच सांगायचं होतं. आणि गोव्यात घराच्या पुढच्या बसायच्या जागेला बाल्कांव म्हणतात, रस्त्याकडे तोंड करून दोन्ही बाजूला बसायला बांधलेलं असतं, ते पण बघा.

*

धागाकर्ता : सगळ्यांचे मनापासून आभार. माटुंगाकर, उभं राहणं आणि बसणं हा फरक एकदम पटला, नाक्यावर माणूस जायच्या तयारीत असतो, आणि पारावर आपण टेकतो, त्यातही थोडा उठायचा भाव आहेच, बसणं म्हणजे बसणं. मालवणकर, गावाचं माहीत नव्हतं, आता नकाशात शोधलं.

बेळगावच्या ताई, राग कसला. फरशीचं वाचून अंगावर काटा आला. पण जिन्याचं जे तुम्ही लिहिलंत ते मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. आमच्या भिंतीवर चार वर्षांत एकही मुलगी बसलेली मला आठवत नाही आणि हे मला आज, वीस वर्षांनी, तुम्ही सांगितल्यावर लक्षात येतंय. मी अर्थ लिहिला तो अर्धाच होता. न ठरवता असायची मुभा कुणाला होती हेही त्या शब्दात आहे, शब्दकोशात लिहायचं झालं तर तेही लिहायला हवं. पाचवी ते नववी पायरी, तिथे बल्ब होता म्हणून, हे मी कधी विसरणार नाही. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तुमची परवानगी गृहीत धरून तुमचा तो परिच्छेद टाकला, तर आमच्या वर्गातली एक मैत्रीण, आता ऑस्ट्रेलियात असते, तिने एकच ओळ लिहिली, "आमचा गच्चीच्या दाराशी होता." बावीस वर्षांची ओळख आणि मला हे माहीत नव्हतं. मग तिथे एकेक मुलगी लिहायला लागली, रात्री दीडपर्यंत मी वाचत बसलो होतो.

एक नवीन वापर सापडलाय तो नोंदवतो. बंगाली लोक घराबाहेरच्या ओट्याला रक म्हणतात आणि तिथे चालतो तो अड्डा, हे ऑफिसातल्या कोलकत्याच्या एकाने सांगितलं. आपल्याकडे अड्डा म्हटलं की दारूचा नाहीतर जुगाराचा, आणि त्यांच्याकडे तोच शब्द इतका घरगुती की आई मुलाला म्हणते अड्डा झाला असेल तर जेवायला ये. आपला निरागस कट्टा कानपूरला जाऊन पिस्तूल होतो आणि आपला बदनाम अड्डा कोलकत्याला जाऊन गप्पा होतो, शब्दांचं नशीबच वेगळं.

आणि काल परत गुरुवार होता. मी मुद्दाम कुणालाही मेसेज केला नाही, सातला मारीएनप्लाट्झला जाऊन पायरीवर बसलो. पाऊण तास कुणी नाही. समोरून ती दातेरी ट्रेन तीनदा वर गेली. मग कानपूरवाला एकटाच सायकल ढकलत आला, माझ्याकडे बघितलं, शेजारी बसला आणि म्हणाला, "मुझे लगा ही था, तू कट्टे पे होगा."