दोन-दोन बीआर मारून परिच्छेद केले, आता निस्तरतेय

उकार_वेलांटी: सोसायटीच्या दिवाळी अंकाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडलीय. २२ लेख, सगळे व्हॉट्सॲपवरून आलेले. प्रत्येक परिच्छेदानंतर दोनदा बीआर (वेबपानाच्या कोडमधला, ओळ तोडणारा टॅग) टाकून मी मोकळी झाले. ओळीची उंची (लाइन-हाइट) २२ पिक्सेल. ज्येष्ठांना दिसावं म्हणून फोनवर अक्षर तेवढं १६ चं २० पिक्सेल केलं. काल सासूबाईंनी फोनवर उघडलं नि म्हणाल्या, “अगं, या ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसल्यात.” खरंच की! वर ‘कुत्र्याला’, खाली ‘गर्दीत’, आणि ‘कु’चा उकार थेट ‘र्दी’च्या रफारात घुसलेला. शिवाय जस्टिफाय, म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सरळ केल्यामुळे शब्दांमध्ये अशा फटी पडल्यात की रिक्षा जाईल. बीआर तसेच ठेवून नुसत्या सीएसएसनं (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांनी) भागेल का? २२ लेख पुन्हा उघडायचे जिवावर आलंय.

जुना_डीटीपीवाला: नाही भागणार, ताई. दोन बीआरमधली रिकामी जागा सीएसएस पकडणार कशानं? पी, म्हणजे परिच्छेदाचा टॅग घाला. वरखाली एकेक एम (अक्षराच्या आकाराएवढं) मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, ब्राउझर स्वतःच देतो, आणि लागोपाठच्या दोन पींची मार्जिनं एकमेकांत मिसळतात, म्हणून मध्ये दोन नाही, एकच एम दिसतं. हातानं करू नका. एडिटरमध्ये शोधा-बदला चालवा: दोन बीआरच्या जागी ‘पी बंद, पी सुरू’. लेखाच्या दोन्ही टोकांना एकेक टॅग, झालं.

लाइन-हाइट पिक्सेलमध्ये नकोच. नुसता आकडा द्या, १.७ वगैरे, अक्षर वाढलं की ओळही वाढते. आपल्याकडे वर रफार-अनुस्वार, खाली उकार, दोन्हीकडून पाहुणे. इंग्रजीच्या मापात ते मावत नाहीत.

जस्टिफाय काढाच. पेजमेकरमध्ये (छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) आम्ही फटीची एकेक ओळ हातानं ओढून बसवायचो. ब्राउझरला एवढी माया कुठली?

ळ_कुठेय: कवितांमधले एकेरी बीआर राहू द्या हं, ओळ तोडायला तोच टॅग बरोबर आहे. कडव्यांमधल्या जोडीचा पी करा. आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) लावलं असेल तर काढा, शिरोरेषेचे तुकडे पडतात. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगवर लँग (भाषा) म्हणून ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिलंय ना? नोटो सान्स देवनागरी हा फाँट वापरत असाल तर त्या लँगमुळे मराठी वळणाचा, पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो.

उकार_वेलांटी: झालं! फक्त चकलीच्या लेखानं रडवलं. शोधा-बदलात साहित्याची यादी पी-च्या आत गेली. ब्राउझरनं यादी सुरू होताच पी परस्पर बंद केला, आणि खाली माझा उरलेला बंद-टॅग बघून एक रिकामा पी स्वतःच तयार केला. तो जास्तीचा पी आला कुठून, हे अर्धा तास शोधत बसले होते. लाइन-हाइट १.८ ठेवलीय. लँग टाकल्यावर ‘शेवचकली’तला श बदलला, तो मुलीला आधी दिसला. सासूबाई म्हणतायत, अक्षर अजून थोडं मोठं कर.