‘अनयूजेबल’ किल्लीला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर
टीमसाठी गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामची) मराठी टिपणं लिहितोय. आमच्या पासवर्डांच्या फायली गिट-सीक्रेट या जोड-प्रोग्रामने, टीममधल्या प्रत्येकाच्या किल्लीसाठी एकदमच, बंद करून ठेवतो. सोमवारी ‘गिट सीक्रेट हाइड’ ही बंद करायची आज्ञा दिली तर उत्तर आलं, ‘प्रॉब्लेम एन्क्रिप्टिंग फाइल विथ जीपीजी: एग्झिट कोड २’, आणि पुढे फाइलचं नाव. बिचाऱ्या फाइलचा काही दोष नव्हता! व्हर्बोज (सविस्तर सांगण्याचा पर्याय) लावल्यावर जीपीजीचं, म्हणजे आत प्रत्यक्ष फाइल बंद करणाऱ्या प्रोग्रामचं, म्हणणं दिसलं: एका सहकाऱ्याचा ईमेल आणि ‘अनयूजेबल पब्लिक की’ (पब्लिक की म्हणजे त्याने सगळ्यांना दिलेली किल्ली). का, ते नाहीच. शेवटी कळलं, त्याच्या किल्लीची मुदत शनिवारी संपली होती. एकाची संपली की सगळ्यांचंच काम अडतं.
टिपणात ‘निरुपयोगी किल्ली’ लिहिलं. तो फुरंगटला. म्हणे, “निरुपयोगी कशी? जुन्या फायली याच किल्लीने आत्ताही उघडतोय की!”

नौपाड्याची मुद्रितशोधक
त्याचं बरोबर आहे. निरुपयोगी म्हणजे उपयोगच नाही. ‘निकामी’ आणखी वाईट, ते मोडलेल्या वस्तूला. मी ‘बाद’ सुचवते. मत बाद होतं, नाणं बाद होतं.

रबाळे लोकल
बाद झालेलं परत येत नाही हो. ही किल्ली येते. मालकाने मुदत वाढवायची, पब्लिक की पुन्हा पाठवायची, कोणीतरी एकाने ती घेऊन गिट-सीक्रेटमधली जुनी काढायची आणि ही घालायची, झालं. ठाणे-वाशी लोकलचा पास संपला तर टीसी ‘पास निरुपयोगी आहे’ म्हणतो का? ‘पास संपलाय’ म्हणतो. ‘मुदत संपलेली’ लिहा.

ऐरोलीकर
तिथेच घोडं अडतं. मालकाने किल्ली रद्द केली तरी हाच शब्द येतो. मुदत हे त्यातलं एक कारण. (कोणाची कधी संपतेय ते गिट-सीक्रेटच्या ‘हू-नोज’ या आज्ञेला ‘-एल’ जोडलं की दिसतं. हे मला सोमवारनंतर कळलं.)

नौपाड्याची मुद्रितशोधक
मग ‘चालत नाही’? फाटकी नोट दुकानात चालत नाही, पण बँकेत बदलून मिळते. नोटेची किंमत गेलेली नसते, दुकानदार घेत नाही इतकंच.

रबाळे लोकल
वा, हे जमलं. पण ‘किल्ली चालत नाही’ म्हटलं की आमच्या घरी कुलपात तेल सोडतात.
आणि माझ्या मते खरा घोळ ‘किल्ली’ शब्दातच आहे. पब्लिक की हे खरं तर कुलूप. आपण ते सगळ्यांना वाटतो, त्यांनी आपल्यासाठीची फाइल त्यात बंद करायची. उघडायची किल्ली फक्त आपल्याकडे. म्हणून जुनं उघडतं आणि नवं बंद होत नाही.

ऐरोलीकर
म्हणजे विशेषणाचा हट्टच सोडावा. असं लिहितोय: ‘अमुक यांचं कुलूप आता लावता येत नाही. मुदत संपली किंवा त्यांनी ते रद्द केलं, हे आधी तपासा. जुन्या फायली उघडतील.’

नौपाड्याची मुद्रितशोधक
‘अमुक यांचं’ तेवढं काढू नका. शनिवारी संपलं ते कोणाचं, हेच तर शोधत होतात.