आजी म्हणून जिजाऊ

जिजाऊंविषयी जे लिहिले जाते, त्यात शिवरायांना घडवणारी माता ठळकपणे येते. त्यांच्या आजीपणाविषयी थोडी भर घालावीशी वाटते.

संभाजीराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी पुरंदरावर झाला आणि ते जेमतेम सव्वादोन वर्षांचे असताना, सप्टेंबर 1659 मध्ये, सईबाईंचे राजगडावर निधन झाले. अफझलखान स्वराज्यावर चालून येत असताना त्या पोरक्या लेकराला उराशी धरले ते साठी ओलांडलेल्या जिजाऊंनी. स्वतःच्या थोरल्या मुलाला, संभाजीला, कनकगिरीच्या लढाईत गमावलेल्या या माउलीने त्याच नावाचा नातू वाढवला, हे आठवले की मन भरून येते.

त्यांची खरी कसोटी मात्र 1666 साली लागली, असे मला वाटते. महाराज आग्र्याला गेले, सोबत नऊ वर्षांचे संभाजीराजेही गेले आणि मागे राज्याचा भार जिजाऊंच्या शिरावर आला. सुटकेनंतर महाराज राजगडी परतले, तेव्हा नातू बरोबर नव्हता; सुरक्षिततेसाठी त्याला मथुरेत ठेवले होते. तो सुखरूप पोहोचेपर्यंत आजीने ते दिवस कसे काढले असतील!

पुढे रायगडाची थंड हवा मानवेना, म्हणून त्या पायथ्याच्या पाचाडला राहिल्या. तेथील वाड्याच्या अवशेषांत विहिरीच्या काठी दगडी तक्क्याची बैठक आहे. तिला टेकून त्या लोकांची गाऱ्हाणी ऐकत, असे सांगतात. राज्याभिषेक पाहिल्यावर अकराव्या दिवशी, 17 जून 1674 रोजी, त्यांनी पाचाडलाच देह ठेवला.