नळयोजना ताब्यात घ्यायला सही मागतायत, करू का?

वरचीवाडी_शहापूर
मी शहापूर तालुक्यातल्या एका गावच्या पाणी समितीत आहे. (निम्म्या बायका हव्यात म्हणून नाव घातलं, आता मी काही गप्प बसत नाही.) जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळाची सरकारी योजना पूर्ण झाली म्हणतात. विहीर, साडेसात एचपीचा पंप, तीस हजार लिटरची टाकी. माणसं अकराशे, घरं २२०. परवा बादली घेऊन फिरले. पंधरा लिटरची बादली खालच्या आळीत दीड मिनिटात भरली. आमच्या वाडीत अकरा मिनिटं, आणि आधी नळ नुसता फुसफुसत होता. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "ताई, सही करा, मग बघू."

निवृत्त_शाखा_अभियंता
बादली लावलीत ते उत्तम. आता खालच्या आळीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पुन्हा लावा. वाडीत पाणी वाढलं तर पाळ्या लावून भागेल. नाही वाढलं तर पाइप बारीक, नाहीतर चढावर हवा अडकतेय. तिथे एअर व्हॉल्व्ह बसवलाय का बघा. ते काम ठेकेदाराचंच. माणशी ५५ लिटर धरले तर तुम्हाला रोज साठ हजार लागतात, म्हणजे टाकी दोनदा भरायला हवी. मे महिन्यात विहीर तेवढं देईल का? पाइप कुठून गेलेत त्याचा नकाशा आणि पंपाची वॉरंटी हातात आल्याशिवाय सही नको.

मुरबाडचा_व्हॉल्व्हमन
साहेबांचं बरोबर, पण आमची योजना पाण्यापायी नाही, वीजबिलापायी बंद पडली. थकलं, कनेक्शन कापलं. तुमचा पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला हजार युनिट. दहा रुपये युनिट धरा, दहा हजार झाले. वर माझ्यासारख्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, कधीमधी फुटणारा पाइप. घरटी नव्वद रुपये तरी लागतील, तेही सगळ्यांनी भरले तर. पाणीपट्टीचा ठराव ग्रामसभेत आधी करा. पाणी सुरू झाल्यावर कोण हात वर करतंय?

वरचीवाडी_शहापूर
व्हॉल्व्ह फिरवायला गेले होते. चाव्या ठेकेदाराच्या माणसाकडेच आहेत. म्हणाला, हस्तांतरणाशिवाय देता येत नाहीत. शेवटी शेजारच्या दादांनी पाना लावून फिरवला. बादली नऊ मिनिटांत भरली. एअर व्हॉल्व्ह चढावर कुठेच दिसला नाही. तसं लिहून ग्रामसेवकांकडे दिलंय, पोच घेतली.